रोज आठ आणे : गर्भवतीच्या विश्रांतीची किंमत कोणी मोजायची?

१/ १९२६ साली परळमध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. गिरणगावातील कष्टकरी स्त्रियांना हाकेच्या अंतरावर डॉक्टर आणि खाट मिळाली. मात्र एक प्रश्न उरलाच. बाळंतपणापूर्वी तपासणीला किंवा विश्रांतीला थांबायचे, तर गिरणीत खाडा पडे आणि खाडा पडला की मजुरी बुडे.

२/ गर्भवतीच्या परवडणाऱ्या आरोग्यसेवेचा इतिहास बहुधा रुग्णालयांच्या स्थापनेतून सांगितला जातो. तो अपुरा आहे. उपचार विनामूल्य असले तरी त्या दिवसाची मजुरी कोण देणार, हा त्या इतिहासाचा गाभा आहे.

३/ १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व प्रसूतीनंतर सहा आठवड्यांच्या सवेतन विश्रांतीचा करार संमत केला. ब्रिटिश हिंदुस्थानने त्यास मान्यता दिली नाही. १९२४ मध्ये कामगारनेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. तेही फेटाळले गेले.

४/ पुढे हा विषय मुंबई कायदेमंडळात आला. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे विधेयकाच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. या खर्चाचा मोठा भार वास्तविक सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही लाभ असतो, म्हणून त्याची सुटका होत नाही, असेही बजावले.

५/ १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व मोठे होते. विश्रांती ही मालकाची मेहरबानी राहिली नाही, ती कामगार स्त्रीचा हक्क झाली.

६/ या कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सारा खर्च मालकावर पडला. सरकारने आपला वाटा उचलला नाही. पुढील काळात मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांची फेररचना यांच्याबरोबरच प्रसूतिलाभाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती हेही त्याचे एक कारण मानले जाते. सरकारी वाट्याचा मुद्दा किती दूरदृष्टीचा होता, हे यावरून ध्यानात येते.

७/ १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वर्गणीवर आधारलेला मार्ग काढला. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. पण हे सारे मुख्यतः ज्यांचे नाव हजेरीपटावर आहे, त्यांच्यासाठी.

८/ बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीचे नाव कोणत्या हजेरीपटावर असते? नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गर्भवतींची मोफत तपासणी होते, ही २०१६ पासूनची सोय खरोखर मोलाची आहे. पण फडातून तेथवर जाणे म्हणजे पुन्हा खाडाच.

९/ २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये ठरवले. सव्वीस आठवड्यांचे दिवस होतात १८२. हिशेब केला तर दिवसाला सत्तावीस रुपयांच्या आसपास! नोकरदार स्त्रीला त्याच काळात पूर्ण वेतन मिळते. मातृत्व दोघींचे एकच असताना विश्रांतीच्या मोलात एवढी तफावत का असावी?

१०/ नवी रुग्णालये हवीतच. मात्र गर्भवतीच्या बुडालेल्या मजुरीची पूर्ण भरपाई सार्वजनिक निधीतून होत नाही, तोवर मोफत तपासणीही गरिबाला महागच पडणार. १९२८ मध्ये सभागृहात मांडला गेलेला सरकारी वाट्याचा मुद्दा ऊसाच्या फडापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही. गिरणगावाचा इतिहास वाचणाऱ्या पिढीने ही थकबाकी विसरू नये.