एकच पुस्तक, सगळी वस्ती

आषाढी पौर्णिमा आली की आमच्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. तीन महिने चालते. आश्विन पौर्णिमेला समारोप होतो, खीर वाटली जाते, फोटो निघतात. गेली कित्येक वर्षे माइकसमोर बसून वाचण्याचे काम आमच्याकडे आहे. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत कारकुनी करणारे, आवाज खणखणीत, म्हणून वस्तीने हे काम सोपवले. खरे सांगायचे तर त्याचा आम्हाला थोडा गर्वही होता. तो गर्व मागच्या वर्षावासात आमच्या आईने उतरवला. पण ते पुढे सांगतो. आधी एका दूरच्या शहराची हकिगत ऐका.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटल नावाचे शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल बाई होत्या. १९९८ साली त्यांनी शहरापुढे एक साधा प्रश्न ठेवला : सगळ्या सिएटलने एकच पुस्तक वाचले तर? पहिली निवड झाली रसेल बँक्स यांच्या 'द स्वीट हिअरआफ्टर' या कादंबरीची. एका लहान गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुले दगावतात, आणि मागे राहिलेली माणसे ते दुःख कसे सोसतात, याची ती कथा. ग्रंथालयाने वाचकांचे गट बसवले, चर्चेसाठी प्रश्न काढले, खुद्द लेखकाला शहरात बोलावले. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारी माणसे एका पुस्तकासाठी शेजारी शेजारी बसली.

दुसऱ्या वर्षी, १९९९ला, अर्नेस्ट गेन्स या कृष्णवर्णीय लेखकाची 'अ लेसन बिफोर डाइंग' ही कादंबरी घेतली. २००१ साली शिकागो शहराने हाच उपक्रम उचलला आणि हार्पर ली यांचे 'टु किल अ मॉकिंगबर्ड' निवडले. त्यातही खोट्या आरोपात अडकवलेला एक काळा माणूस आहे आणि त्याची बाजू लढवणारा गोरा वकील. मग गावोगावची ग्रंथालये या वाटेने गेली. सगळीकडे गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. २००२ साली न्यूयॉर्कमध्ये कोणते पुस्तक घ्यावे यावरच निवड करणाऱ्यांत फाटाफूट झाली. आपल्या जयंती मंडळाच्या बैठका आठवल्या की यात नवल वाटत नाही!

आता आईची गोष्ट. मागच्या वर्षावासात एका रविवारी ठरलेले वक्ते आले नाहीत. वेळ भरून काढायची म्हणून आम्ही गेन्स यांच्या त्या कादंबरीची कथा आपल्या भाषेत सांगितली. दक्षिण अमेरिकेतले नव्हे हो, अमेरिकेच्या दक्षिणेतले लुइझियाना राज्य. काळ १९४० नंतरचा. एका गोऱ्या दुकानदाराच्या खुनात जेफरसन नावाचा गरीब काळा तरुण नाहक अडकतो. त्याचा स्वतःचा वकील त्याला वाचवण्यासाठी कोर्टात म्हणतो की, हा माणूस नाहीच, हे डुक्कर आहे, याला देहदंड देऊन काय उपयोग? तरीही शिक्षा होते. त्याला वाढवणारी म्हातारी गावच्या मास्तरला गळ घालते : तो मरणार हे मला कळते, पण तो माणूस म्हणून मरू दे. मास्तर तुरुंगात जातो आणि त्याला वही-पेन्सिल देतो.

आम्ही इथवर आलो आणि मागच्या रांगेतून आमच्या आईचा आवाज आला, "आरं, मग त्या पोरानं वहीत काय लिवलं?"

विहार शांत झाला. आम्ही म्हणालो, त्याच्या मनातले लिहिले. शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेले, पण स्वतःचे.

"चुका आसू दे," आई म्हणाली. "जनावर वही लिवत न्हाई."

मग बायका बोलू लागल्या. एकीने कामावरच्या मुकादमाचे सांगितले, दुसरीने शाळेत मुलीला काय म्हणतात ते सांगितले. त्या दिवशी घरी जायला रात्रीचे दहा वाजले. वाटेत आम्ही आईला विचारले, इतकी वर्षे तू वाचनाला येतेस, कधी काही बोलली नाहीस? ती म्हणाली, "तू वाचतूस, आमी ऐकतो. आमाला कुणी इचारलं का कवा?"

बंधू-भगिनींनो, त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले होते? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे आम्हीच माइकवरून वाचत होतो, आणि समोरच्यांना पारखायला जागाच ठेवत नव्हतो! सिएटलच्या ग्रंथपाल बाईंना जे कळले ते आम्हाला आमच्याच विहारात कळले नाही. पुस्तक वाचणे हे अर्धेच काम, त्यावर सगळ्यांनी बोलणे हे उरलेले अर्धे.

आम्ही पडलो कारकून, हिशेबाशिवाय चैन नाही. दोनशे रुपयांचे पुस्तक, दहा प्रती, झाले दोन हजार. चाळीस घरांनी पन्नास-पन्नास रुपये काढले की भागले. एक प्रत चार घरांत फिरवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या मुलांनी वाचून दाखवावे. मुलांचेही वाचन सुधारेल. आठवड्याला एक प्रकरण आणि रविवारी तीनच प्रश्न. पहिले बोलणे बायकांचे, शेवटचे आमच्यासारख्या शिकलेल्यांचे. पैसे जमत नसतील तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि जादा प्रतींची मागणी करा. १९६७च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. तो पैसा आपल्याही घामाचा आहे. त्या पायऱ्या चढायला बिचकू नका.

आणि विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हेही एकदा विचारा. आमच्या विहारात ती आमच्याच खिशात होती. आता ती खिळ्याला टांगली आहे.

येत्या वर्षावासात आम्ही माइक बाजूला ठेवणार आहोत. सतरंजी गोल अंथरणार आहोत. पहिला प्रश्न आई विचारणार आहे. तुमच्या वस्तीत कोण विचारणार, ते ठरवा.

जयभीम!