'प्लस एफ'चं दूध आणि आपला विवेक



दुधातली साय काढली की तिच्याबरोबर 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वंही जातात, कारण ती स्निग्धांशात विरघळतात. म्हणून कमी फॅटच्या दुधात ती वरून घालतात. अशा पिशवीवर 'प्लस एफ'चं निळं चिन्ह असतं. हे चांगलंच.

पण 'ड ३' बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं, 'ड २' यीस्टसारख्या बुरशीपासून. चातुर्मासात हिरवी भाजीही सोडणाऱ्या घरात हा प्रश्न लहान नाही, आणि नुसता हिरवा ठिपका त्याचं उत्तर देत नाही. कंपन्यांनी जीवनसत्त्वाचं मूळ पिशवीवर छापावं. मग घ्यायचं की नाही, ते जिचं तिने ठरवावं.

आणि घेतलंत, तर जेवणात चमचाभर तूप असू द्या. स्निग्धांशाशिवाय ही जीवनसत्त्वं नीट अंगी लागत नाहीत.