मॅनहोलमध्ये उतरण्याआधी

मॅनहोलचे झाकण उघडायचे, वास घ्यायचा आणि माणूस आत सोडायचा, ही पद्धत जीवघेणी आहे. गटारातला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास मारतो. दहा लाखांत 100 भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला, असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो.

खिशात मावणारा चार वायूंचा मापक हे टाळू शकतो. त्यातल्या विद्युत-रासायनिक सेन्सरमध्ये वायूची इलेक्ट्रोडवर अभिक्रिया होते आणि वायूच्या प्रमाणात वीजप्रवाह निर्माण होतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याखालील नियमांत हे उपकरण नमूद आहे. पण खरेदी झाली म्हणजे काम झाले, असे नाही. हा सेन्सर साधारण दोन-तीन वर्षांत थकतो, दमट हवेत आणि इतर वायूंमुळे चुकीचा आकडा दाखवू शकतो. ठाऊक प्रमाणाचा वायू सोडून तो वरचेवर तपासावा लागतो. आपल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या कोरड्या, स्वच्छ हवेतल्या नोंदींवर न थांबता पावसाळ्यातल्या गटारावर सेन्सर टिकवून दाखवावा.

सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये गटारमृत्यूची भरपाई 30 लाख केली. त्या रकमेपुढे मापकाची किंमत किरकोळ आहे. महापालिकांनी ठेकेदाराच्या बिलाला प्रत्येक उतरणीपूर्वीची वायूनोंद जोडणे सक्तीचे करावे. नोंद नसेल तर बिल अडवावे.