डहाणूला जेवायचं कुठे?

थंडी पडली की फोन सुरू होतात. या वेळी पुतण्याचा होता. "काका, चौघंजण डहाणू-बोर्डीला येतोय. जेवायला चांगलं कुठे?" मी विचारलं, "चांगलं म्हणजे काय रे?" तर म्हणे, "स्वच्छ हवं, आणि मुलांसाठी पनीर वगैरे."

आता पनीर खायला इतक्या लांब कशाला यायचं?

पण दोष एकट्या त्याचा नाही. आमच्याकडच्या बऱ्याच हॉटेलांत भिंतीवर वारली चित्रं असतात आणि ताटात पंजाबी भाजी. ज्यांची चित्रं लावली त्यांची भाकरी मात्र मागूनही मिळत नाही. मला हे खटकतं.

इथलं खाणं काही थोडं नाही. किनाऱ्यावर बोंबील, कोलंबी, शिंपल्या. बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाड्या, आणि त्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली इराणी-पारशी घरं. काही घरांत पाहुण्यांची सोय होते. तिथली पात्रानी मच्छी किंवा धानसाक आधी सांगून ठेवलं तरच खावं. तलासरीकडे आत वळलात की तांदळाची, नागलीची भाकरी, उडदाची आमटी, सुकट. पहिल्या पावसात शेवळं. ती नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यांत काकडांचा आंबट रस घालतात. हे ज्ञान कुठल्या मेनूकार्डावर नाही. ते बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडे आहे.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझ्या वर्गात पाचवीतली एक मुलगी दप्तराआड डबा धरून जेवायची. नागलीची भाकरी आणि जवळ्याची चटणी. बाकीची पोरं नाकं मुरडायची. मी काय करावं? तिलाच म्हणालो, "बाळ, तू त्या कोपऱ्यात बसून खा." भांडण मिटलं म्हणून स्वतःवर खूषही झालो. आज तीच नागली शहरात पौष्टिक म्हणून महाग पिशवीत विकली जाते. तेव्हा मला त्या मुलीची मान आठवते.

म्हणून माझं मत असं. हॉटेल निवडताना पाटी बघू नका, प्रश्न विचारा. आज ताजं काय आलंय? इथलं काय करता? जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा पापलेटचा हट्ट धरू नका, सुकी मासळी मागा. गावातल्या एखाद्या घरी आदल्या दिवशी सांगून जेवा, आणि पैसे देताना घासाघीस करू नका. हॉटेलवाला काही दुष्ट नाही. गिऱ्हाईक मागेल ते तो रांधतो. दहाजणांनी भाकरी मागितली तर अकराव्यासाठी तो करून ठेवील.

हे आताच करायला हवं. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली. मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे. बंदराने काय येईल, काय जाईल यावर मतं वेगळी असतील. पण उद्या इथली चूल विझली तर ती पुन्हा पेटवायला कुणी येणार नाही.

असो. पुतण्याला मी एका घरचा नंबर दिला. पोरांनी पहिली भाकरी कुरकुरत खाल्ली, दुसरी मागून घेतली म्हणे. तुमच्या माहितीत असं एखादं घर असेल तर जरूर कळवा. पुढचा फोन येईलच!