प्रयोगशाळेचे दार कोणासाठी?

आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला खेड्यापाड्यांत अजूनही ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात. परंतु ज्या पद्धतीमुळे हा धातू गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचला, ती जर्मनीत जन्मली नाही. १८८४ साली अमेरिकेने वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या शिखरावर ॲल्युमिनियमचे टोपण बसविले, इतका तो त्या काळी दुर्मिळ होता. पुढे दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १८८६ मध्ये, ओहायो राज्यातील ओबर्लिन या लहानशा गावी चार्ल्स मार्टिन हॉल या बावीस वर्षांच्या तरुणाने घरामागील लाकडाच्या खोपटात वितळलेल्या क्रायोलाइटमधून वीज सोडून हा धातू वेगळा केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यानेही स्वतंत्रपणे हीच पद्धत शोधली. हॉल हा कोणा थोर तंत्रशास्त्र संस्थेचा विद्यार्थी नव्हता. धर्मोपदेशकाचा हा मुलगा आदल्याच वर्षी ओबर्लिन महाविद्यालयाचा पदवीधर झाला होता. फ्रँक ज्युएट या त्याच्या अध्यापकांनी ॲल्युमिनियमचा प्रश्न त्याच्या मनात रुजविला आणि प्रयोगाचे साहित्यही दिले. त्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलेली त्याची थोरली बहीण ज्यूलिया प्रयोगांच्या वेळी सोबत होती. पेटंटच्या वादात तिची साक्ष उपयोगी पडली.

अमेरिकेत ज्यांना ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ म्हणतात, त्यांपैकी ओबर्लिन हे एक. नाव ऐकून तेथे केवळ साहित्य आणि कला शिकवितात असा समज होतो; तो चुकीचा आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी तेथे आपला विषय खोलवर शिकतोच. पण त्याबरोबर इतिहास, तत्त्वज्ञान, एखादी परभाषा, अर्थशास्त्र यांचेही वर्ग करतो. दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे. अशा महाविद्यालयांत बहुधा पदवीपर्यंतचेच शिक्षण असते. पीएच.डी. करणाऱ्यांची फौज नसल्यामुळे उपकरणे पदवीच्या मुलामुलींच्याच हाती येतात, आणि अध्यापकाला संशोधन करावयाचे तर त्यांनाच सोबतीला घ्यावे लागते. १९८९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे टॉमस चेक हे आयोवातील ग्रिनेल महाविद्यालयाचे १९७० सालचे पदवीधर. तेथे होमर, दान्ते आणि राज्यघटनेचा इतिहास वाचताना आपल्याला रसायनशास्त्राइतकाच आनंद मिळाला, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे.

हे वाचताना मला १९७८ सालचा जून महिना आठवतो. बारावी झाल्यावर मी एका महाविद्यालयाच्या खिडकीशी उभा होतो. मला रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र असे दोन्ही विषय हवे होते. खिडकीतील गृहस्थ हसले आणि म्हणाले, “बाळ, विज्ञान की कला, ते आधी घरी विचारून ये.” प्रयोगशाळेचे शुल्क आणि पुस्तके यांचा हिशेब वडिलांनी रात्री कंदिलाच्या उजेडात मांडला आणि सकाळी मी कला शाखेत नाव घातले. अर्थशास्त्राने मला पुष्कळ दिले, तक्रार नाही. परंतु तो निर्णय आवडीचा नव्हता, ऐपतीचा होता. पुढे अध्यापक म्हणून काढलेल्या तीन तपांत ऐपतीने केलेले असे निर्णय मी दरवर्षी जूनमध्ये पाहत आलो.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हॉलच्याच कथेत आहे. त्याची रासायनिक प्रक्रिया तासाभरात समजावून सांगता येते. पण त्या प्रक्रियेवर १८८८ साली उभी राहिलेली कंपनी पुढे संबंध अमेरिकेच्या ॲल्युमिनियमवर कशी मक्तेदारी गाजवू लागली, आणि १९४५ साली न्यायालयाला ती मक्तेदारी बेकायदा का ठरवावी लागली, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. परीक्षानळीत जे घडते आणि बाजारात त्याचे जे होते, ही दोन्ही ज्ञाने एकाच डोक्यात नांदली पाहिजेत.

मात्र या शिक्षणपद्धतीचे गुणगान करताना तिच्या उंबरठ्याकडेही पाहिले पाहिजे. पर्सी ज्यूलियन या कृष्णवर्णीय तरुणाचे आजोबा गुलाम होते. अलाबामातील त्याच्या गावी काळ्या मुलांना आठवीपुढे सरकारी शाळाच नव्हती. इंडियानातील डीपॉ येथे दाखल झाल्यावर राहिलेले शालेय विषय शिकत शिकत तो १९२० साली वर्गात पहिला आला. पुढे व्हिएन्नात डॉक्टरेट मिळवून तो डीपॉला परतला आणि १९३५ मध्ये योसेफ पिक्ल यांच्यासह त्याने काचबिंदूवरील औषध फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत तयार केले. या कामात पदवीचे विद्यार्थी त्याच्या हाताखाली होते. एवढे होऊनही केवळ वर्णामुळे त्याला तेथे कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. त्याने कारखान्यातील संशोधनाची वाट धरली. उदार विद्या शिकविणाऱ्या संस्था उदार असतातच असे नाही.

आज वर्णाची भिंत कायद्याने पडली. पैशाची उभी आहे. अशा नामांकित महाविद्यालयांत राहण्याजेवण्यासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरांच्या वर गेला आहे. होतकरू गरिबांना शिष्यवृत्त्या मिळतात हे खरे. पण शिष्यवृत्ती ही मेहरबानी असते, हक्क नसतो. म्हणूनच मला केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयाचे मोल अधिक वाटते. गुलामगिरीच्या विरोधकांनी १८५५ साली स्थापिलेली ही संस्था १८९२ पासून शिकविण्याचे शुल्क घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान दहा तास श्रम करावयाचे, हा तेथील नियम. त्या महाविद्यालयातून १९३७ साली पदवी घेतलेले जॉन फेन यांना प्रथिनांसारखे अवजड रेणू मोजण्याच्या पद्धतीबद्दल २००२ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फुकट शिक्षण म्हणजे हलके शिक्षण, असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच मातीत रुजविला आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे केले. परंतु आज आपण अमेरिकेकडून काय घेत आहोत? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील ६४ कलांचा दाखला देऊन बहुविद्याशाखीय शिक्षणाची घोषणा केली. घोषणा चांगली आहे. १९७८ साली ती झाली असती तर मला खिडकीवरून परत फिरावे लागले नसते. पण निवडीचा हक्क कागदावर असणे आणि निवडलेला विषय शिकविणारा माणूस वर्गात असणे, यांत फार अंतर आहे. भरमसाट शुल्क घेणाऱ्या खाजगी विद्यापीठांत ‘लिबरल आर्ट्स’च्या पाट्या झळकत आहेत; तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र अध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिक्त, आणि तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण दोन गावांच्या एस.टी. पकडत शिकवितो. चार विद्यार्थ्यांत एक ब्युरेट, आणि निरीक्षणे गतवर्षीच्या जर्नलवरून उतरविलेली, असे वर्ग मी पाहिले आहेत. त्यात मुलांचा दोष नव्हता. ज्याच्या हाती उपकरणच आले नाही, त्याने निरीक्षण कोठून आणावे?

यावर खर्चाचा आक्षेप येईल. बेरिया देणग्यांच्या निधीवर चालते, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच जे तेथे दात्यांच्या मर्जीवर चालते, ते येथे करांच्या पैशातून चालले पाहिजे. मागणी साधी आहे. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने प्रयोग करता यावा, चुकला तर शेजारी उभा राहणारा कायम अध्यापक असावा, आणि त्याच इमारतीत इतिहासाचा किंवा अर्थशास्त्राचा वर्ग त्याला खुला असावा. रिक्त जागा भरा आणि प्रयोगशाळांना अनुदान द्या. श्रेयांकांचे तक्ते मागाहून आखता येतील.

ओबर्लिनच्या खोपटातून निघालेला धातू आज आपल्या घराघरांत आहे. तो शोधण्याची संधी ज्या शिक्षणाने दिली, तेही त्या पातेल्याइतकेच सर्वांच्या घरी पोहोचले पाहिजे. जूनमध्ये खिडकीशी उभ्या राहणाऱ्या मुलीला “घरी विचारून ये” असे कोणी सांगू नये, एवढे तरी आपण करू शकतो.