फुटलेल्या टायरचे खापर

टायर फुटून अपघात झाला की चौकशी चालकापासून सुरू होते आणि बहुधा मालकापाशी संपते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यातली एक पळवाट बुजवली. २०१० मधील एका अपघाती मृत्यूची भरपाई टाळण्यासाठी विमा कंपनी टायर फुटण्याला देवाची करणी म्हणत होती. न्यायालयाने ते फेटाळले: वेग, कमी-जास्त हवा, वापरलेले टायर, तापमान ही कारणे आधी तपासता येतात आणि ते काम चालक-मालकाचे आहे. निकाल रास्तच. खटला विम्याचा होता, त्यामुळे टायर बनवणाऱ्याचा प्रश्न त्यात आला नाही. तो एरवीही फारसा येत नाही.

टायरच्या आतला दोष, पट्टा सुटणे किंवा थर विलग होणे, निघण्यापूर्वी लाथ मारून कळत नाही. एका चालकाला एकच फुटलेला टायर दिसतो. शेकडो तक्रारी एकत्र पाहतात ते कंपनी आणि विमावाले. ज्याला आधी दिसते त्याच्यावर जबाबदारी जास्त, एवढाच माझा मुद्दा आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. त्या टायरशी २७१ मृत्यू जोडले गेले. पण एका विमा कंपनीने १९९८ मध्येच सरकारी यंत्रणेला दाव्यांची साखळी कळवली होती आणि १९९९ मध्ये ते टायर आपल्या गाड्यांना बसवणारी फोर्ड सौदी अरेबियात गुपचूप टायर बदलून देत होती. पुढे फोर्डने टायरला आणि फायरस्टोनने गाडीला दोष दिला. फोर्ड २६ पौंड हवा सांगत होती, फायरस्टोनला ३० हवी होती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. म्हणूनच कोणी एक सुटायला नको होता.

आपल्याकडचे टायर जादा भार, कमी हवा आणि झिजलेल्या रबरामुळेच फुटतात, हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. रिमोल्ड केलेल्या टायरचा जाब मूळ कंपनीला विचारणेही अन्याय्य ठरेल. पण वापराचा दोष कुठला आणि कारखान्याचा कुठला, हे नोंदींशिवाय ठरणार कसे? त्या नोंदी आहेत. हुबळीत मुख्यालय असलेल्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळासारख्या संस्था टायर किती किलोमीटर चालला आणि का उतरवला याचा हिशेब ठेवतात. आपली एसटीही ठेवते. भार, रस्ता आणि देखभाल सारखी असताना एकाच बनावटीचे टायर लवकर फुटत असतील, तर चालकाला निलंबित करून काय साधणार? अशा नोंदींमधल्या कच्च्या तक्रारी जाहीर केल्यास निर्दोष कंपनीचे नाव खराब होईल, ही भीती समजण्यासारखी आहे. मग त्या आधी केवळ तपासयंत्रणेकडे जाव्यात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतील ११०-अ कलमानुसार सुट्या भागात दोष आढळला तरी वाहने परत मागवण्याचा आदेश केंद्राला देता येतो. दोषाची माहिती मालकांच्या ठरावीक टक्केवारीकडूनच यावी असेही नाही. चाचणी संस्था किंवा अन्य कोणताही स्रोत कायद्याला चालतो, आणि परिवहन महामंडळाची टायर शाखा हा असाच एक स्रोत आहे.