वास वालधुनीचा की बॅटरीचा?

विठ्ठलवाडीत राहणाऱ्यांना कुजक्या अंड्यासारख्या वासाचं नवल वाटत नाही. वारा फिरला की वालधुनीचा वास घरात येतो, आपण खिडकी लावतो आणि कामाला लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या उल्हासनगरात टँकरमधून या नदीत रसायन सोडलं गेलं. शेकडो लोकांना मळमळ, डोकेदुखी आणि श्वासाचा त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हापासून तर उग्र वास आला की बोट आधी नदीकडेच जातं. माझी विनंती एवढीच, की तोच वास घरात येत असेल तर खिडकी लावण्याआधी एकदा इन्व्हर्टरपाशी जाऊन बघा.

इन्व्हर्टर म्हणजे लाइट गेल्यावर पंखा चालवणारं यंत्र, असं आपण समजतो. पण लाइट असते तेव्हा तो चार्जर असतो, म्हणजे दिवसातले बहुतेक तास. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महावितरणच्या हद्दीतल्या घराघरांत तो आला आणि जागा मिळेल तिथे बसला: पलंगाखाली, देवघराखालच्या कपाटात, जिन्याच्या कोपऱ्यात. तेव्हा ठरलेली ती जागा आजही तीच आहे.

लेड-ॲसिड बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. चार्जिंग संपत आलं की आतलं पाणी फुटतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. थोडा गॅस निघणं हे चांगल्या बॅटरीतही होतं. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की त्याला एक ठिणगी पुरते. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, हायड्रोजनला तसा कसलाच वास नाही. शिवाय स्वयंपाकाचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. हायड्रोजन हलका, तो वर जातो. म्हणून बॅटरीच्या जागेला वरच्या बाजूने हवा जायला वाट हवी. दाराच्या खालच्या फटीचा उपयोग नाही. आणि देवघराखाली बॅटरी ठेवली असेल, तर निरांजन नेमकं तिच्या डोक्यावर पेटतं याचा विचार करा.

मग तो अंड्याचा वास कुठून येतो? बॅटरी जुनी झाली, एखादा कप्पा निकामी झाला किंवा चार्जर बिघडून जास्त दाबाने चार्ज करत राहिला, की आम्लातून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. गटाराच्या वासात जो वायू असतो, तोच हा. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, मळमळतं. यातला फसवा भाग असा की हा वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास यायचा थांबला म्हणजे धोका गेला, असं समजू नका. घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली, बॅटरीची कड फुगलेली दिसली किंवा जवळ गेल्यावर ती तापलेली जाणवली, तर दारं-खिडक्या उघडा, बॅटरीपासून लांब असलेला मेन स्विच पाडा आणि सगळे बाहेर या. बॅटरीच्या वायरी ओढू नका, तिथेच ठिणगी पडते. कुणाला गुंगी आली किंवा श्वास लागला तर १०८ ला फोन करा.

माझं मत स्पष्ट आहे: ही बॅटरी झोपायच्या खोलीत नको. एका खोलीच्या घरात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, हे मला कळतं. तिथे निदान ती पलंगाखालून काढून खिडकीखाली आणा आणि ती खिडकी थोडी उघडी राहू द्या. पावसाचं पाणी लागत नसेल तर गॅलरी उत्तम. चाळीच्या जिन्यात मात्र नको, आग लागली तर सगळ्यांची बाहेर पडायची वाट तीच असते.

आता डोळ्यांकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. बॅटरीत पाणी घालणं हे आपल्याकडे रविवारचं किरकोळ काम मानलं जातं. झाकण काढायचं, मोबाइलच्या उजेडात आत डोकावायचं, बाटली उपडी करायची. शिंतोडा उडाला तर तो थेट बुबुळावर जातो. साध्या प्लास्टिकच्या बंद गॉगलने हे टळतं. हजारोंची बॅटरी विकणाऱ्याने सोबत तो गॉगल द्यायलाच हवा आणि आपणही तो मागून घ्यायला हवा. इन्व्हर्टर बंद करून, पाणी फक्त डिस्टिल्डच घाला, खुणेच्या वर नको. आम्ल कधीही घालू नका. हातातल्या बांगड्या, अंगठी काढा, लोंबणारं मंगळसूत्र आत खोचा. दोन्ही टोकांना एकदम धातू लागला तर बारा व्होल्टचीच बॅटरी असली तरी प्रचंड प्रवाह वाहतो, अंगठी क्षणात लाल होते आणि बोट भाजतं.

आणि पाणी घालायला बसण्याआधी दोन बादल्या साधं पाणी भरून शेजारी ठेवा. आपल्याकडे नळाला पाणी वेळेवरच येतं, आम्ल काही वेळ बघून उडत नाही. डोळ्यात गेलं तर त्याच क्षणी पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान २० मिनिटं धार सोडत राहा. धार नाकाकडून कानाकडे जाऊ द्या, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात आम्ल जाणार नाही. गुलाबपाणी, दूध, तूप, खायचा सोडा यांपैकी काहीही नको. धुवायच्या आधी रिक्षा शोधायला धावू नका. धुणं झाल्यावर, बरं वाटत असलं तरी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. कातडीवर पडलं तरी आधी कपडे काढा आणि भरपूर पाणी ओता.

वेगळ्या चार्जरवर गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्यांनी क्रम पाळावा: आधी चिमटे लावायचे, मग बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. लिथियम बॅटरी या चार्जरला लावू नका.

पावसाळ्यासाठी एक गोष्ट. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीचं पाणी कल्याण परिसरात घरांत शिरलं होतं. पाणी चढायला लागलं की आपण मेन स्विच पाडतो आणि निर्धास्त होतो. पण मेन पडला की इन्व्हर्टर आपलं काम सुरू करतो आणि भिंतीतल्या वायरींत वीज राहते. त्याचं स्वतःचं बटणही बंद करा, तेही पाय कोरडे असतानाच.

बाद झालेली बॅटरी घरात फोडू नका आणि आम्ल मोरीत ओतून देणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाण आजवर सापडलेलं नाही. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं पुनर्चक्रीकरण करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या, आणि बिलावर तिची नोंद करून घ्या.